दमट ग्रीनहाऊसमध्ये वांडा खुशीत पण फॅलेनॉप्सिस सडताहेत, काय चुकतंय?

पावसाळी_पान

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक होतंय पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हालाही नीट सांगता येणार नाही म्हणून लिहिते. दीड वर्षापूर्वी ३ बाय ४ मीटरचं छोटं ग्रीनहाऊस केलं, वर पॉलिकार्बोनेट, त्याखाली ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट, एका बाजूला टायमरवरचे फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारे नोझल. आत ऑर्किडची चाळीसेक झाडं आहेत, निम्म्याहून जास्त फॅलेनॉप्सिस, सात-आठ वांडा आणि थोडी डेंड्रोबियम. ऑर्किडला दमट हवा लागते हे जिथेतिथे वाचलेलं त्यामुळे खिडक्या बंदच ठेवते आणि फॉगर दिवसा दर तासाला आणि रात्री दोनदा चालू होतो. दाराशी हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) लावलाय तो ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. तापमान दिवसा ३२ पर्यंत जातं, रात्री २६-२७.

वांडा वर टांगलेत नुसत्या लाकडी बास्केटमध्ये, ते दोनदा फुलले. पण खाली बाकावर ठेवलेल्या फॅलेनॉप्सिसची हालत बघवत नाही. मागच्या महिन्यात चार झाडांच्या पानांवर पाणी भरल्यासारखे डाग पडले, दोन दिवसात अख्खं पान उकडल्यासारखं मऊ आणि वास मारायला लागलं. एकाचा तर मधला कोंबच हातात आला, त्या दिवशी खरंच रडू आलं कारण ते माझं पहिलं झाड होतं. कुंडी उपटून बघितली तर मुळं तपकिरी आणि पोकळ. सगळी प्लास्टिकच्या कुंडीत मॉसमध्ये (वाळवलेलं शेवाळ) आहेत. आणि जी चांगली आहेत त्यांना आणलेली फुलं गळल्यानंतर एकही फुलदांडा आलेला नाही. कॉपरची (तांब्याच्या औषधाची) फवारणी करू का सगळ्यांवर? की अजून काही?

वांडाची_मुळं

ताई, वांडा का जगले ते तुमच्याच पोस्टमध्ये आहे बघा. वर टांगलेत, मुळं उघडी आहेत, भिजतात आणि थोड्या वेळात सुकतात. फॅलेनॉप्सिससुद्धा झाडाच्या खोडाला चिकटून वाढणारंच झाड आहे, मातीतलं नाही. दोघांच्याही मुळावर वेलामेनचा थर असतो, मेलेल्या पेशींचा स्पंजच म्हणा ना, पाणी पडलं की चटकन शोषतो आणि सुकला की रुपेरी दिसतो. मूळ हिरवं म्हणजे भिजलेलं, रुपेरी म्हणजे आता पाणी चालेल, इतकं सोपं आहे ते. तुमच्या कुंडीतली मुळं रुपेरी होतात का कधी? ८५ टक्के हवेत प्लास्टिकच्या कुंडीतला दाबून भरलेला मॉस दहा-दहा दिवस सुकत नाही, तेवढ्यात आतल्या मुळाला हवाच मिळत नाही आणि ते सडतं. मुळाची साल बाहेर ओढली की हातात येते आणि आत नुसती तार राहते, तसंच दिसलं ना?

मॉस काढून टाका सगळा. झाडाच्या सालीचे जाड तुकडे आणि कोळसा, किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे नीट भिजवून धुवून क्षार काढलेले, आणि कुंडीला बाजूनेही भोकं.

माळीकाका

मुळांचं बरोबर सांगितलंय पण पानं सडली ती मुळांमुळे नाही. पाण्याचा डाग, दोन दिवसात पान मऊ आणि वास, हे जिवाणूंचं काम आहे, सॉफ्ट रॉट म्हणतात. त्याला पानावर साचून राहिलेलं पाणी लागतं आणि एका झाडावरून दुसऱ्यावर तो उडणाऱ्या थेंबातून जातो. ते पाणी तुम्ही रात्री स्वतः देताय.

हिशोब बघा. ३२ डिग्रीला ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा बंद खोलीत गार व्हायला लागली की २९ च्या आसपासच दव धरायला लागते. तुमची रात्र २६-२७ ची. म्हणजे फॉगर लावला नाही तरी संध्याकाळनंतर पानं ओली होणारच आणि वर तुम्ही रात्री दोनदा फॉगर चालवताय. फॅलेनॉप्सिसच्या पानांची रचनाच अशी की सगळं पाणी बेचक्यात उतरतं, तिथे ते सकाळपर्यंत राहिलं की कोंब गेला. तुमचा कोंब हातात आला तो असाच.

आज करायचं ते हे. रात्रीचा फॉगर बंद, दुपारी ३ नंतर कसलंही पाणी नाही. पाणी सकाळी लवकर द्यायचं आणि बेचक्यात राहिलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचं. छताजवळची खिडकी उघडायची, गरम ओली हवा वर जाते तिला बाहेर जायला वाट पाहिजे. आणि फॅन, तोही दिवसरात्र. झाडांवर थेट झोत नको, पानं नुसती हलकी थरथरली पाहिजेत. रात्री बंद करायचा मोह होतो बऱ्याच जणांना पण फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, वांडा ही जाड पानांची मंडळी पानावरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात आणि कार्बन डायऑक्साईड तेव्हा घेतात, त्यामुळे रात्रीची कोंडलेली हवा त्यांना दोन्हीकडून नुकसानीची. फॅन दमट जागेला चालणारा घ्या आणि अर्थिंग, ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारं बटण) नीट बघून घ्या, ओल्या हाताने ग्रीनहाऊसमध्ये बटण दाबताना मला एकदा झटका बसलाय.

ही चूक फार जुनी आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ऑर्किड यायला लागली तेव्हा सगळी उष्ण जंगलातली समजून त्यांना बंद काचघरात, भट्टीच्या उष्णतेत आणि वाफेत कोंडायचे आणि ती ढिगाने मरायची, त्यातली कितीतरी डोंगरावरच्या गार हवेतली होती. चॅट्सवर्थच्या बागेत तिथले मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननी काचघरात हवा खेळवायला आणि गरम-गार हवेची झाडं वेगवेगळी ठेवायला सुरुवात केली तेव्हा कुठे ती नीट जगायला लागली. दमट हवा हवीच आहे, ६० ते ८० टक्के उत्तम, पण ती हलती पाहिजे.

मॉसवाली

मॉस सरसकट काढा म्हणणं मला पटत नाही हं. माझी सगळी फॅलेनॉप्सिस कित्येक वर्षं मॉसमध्ये आहेत आणि मुळं पांढरीशुभ्र. फरक एवढाच की मी मातीच्या कुंडीत लावते, मॉस हलक्या हाताने भरते, बोट सहज आत गेलं पाहिजे, आणि वरचा थर कुरकुरीत झाल्याशिवाय पाणी नाही म्हणजे नाही. विकत आणलेल्या झाडाच्या मध्यभागी बऱ्याचदा जुन्या मॉसचा घट्ट गोळा असतो, वरून कोरडा दिसतो आणि आत चिखल, तो मात्र आल्याआल्या काढायलाच हवा, बहुतेक ताईंची अर्धी झाडं त्यानेच गेली असतील. सालीत लावलं तर लहान रोपं अशा उष्णतेत पाण्यावाचून बसतात हेही लक्षात घ्या.

वांडाची_मुळं

@मॉसवाली तुमच्याकडे हवा खेळती असणार म्हणून जमतं. त्यांच्याकडची बंद खोली सुधारेपर्यंत तरी मी सालच सांगेन. लहान रोपांचं मान्य.

सावली७५

फुलांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, मला त्यातच जास्त रस आहे. बाजारात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या फॅलेनॉप्सिस हायब्रिडला फुलदांडा काढायला गारवा लागतो. कायम २८ च्या वर ठेवलं तर पानामागून पान काढत बसतात, झाड छान दिसतं पण फूल नाही. दिवसा २५ च्या आसपास आणि रात्री २० च्या आसपास असे चार-सहा आठवडे मिळाले की पानाच्या बेचक्याजवळून दांडा फुटतो. दिवसा ३२ आणि रात्री २७ मध्ये तुम्ही कितीही खत घाला, येणार नाही. थंडीच्या दिवसात बाहेर सावलीत ठेवता आली तर ठेवा, नाहीतर घरातली सगळ्यात गार खिडकी.

आणि फॉगरने गारवा येईल असं मनात असेल तर तेही बघा. पाणी वाफ होताना हवा गार होते पण हवेत जागा असेल तरच ना. ३४ डिग्री आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर पाण्याच्या जोरावर २४ पर्यंत खाली यायची ताकद असते, तीच हवा ८५ टक्के असेल तर फार तर २ डिग्री. म्हणजे तुमच्याकडे फॉगर गार काही करत नाही, नुसतं ओलं करतो. तिथे सावली आणि हवा एवढेच दोन उपाय.

दुसरं म्हणजे उजेड. पॉलिकार्बोनेट आणि खाली ७५ ची नेट म्हणजे बाकावर अंधार असेल कदाचित. पानं गडद हिरवी आणि लोंबती आहेत का? फॅलेनॉप्सिसला दुपारी १० ते १५ हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, पानाचा रंग जरा फिका गवती हवा. वांडाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो, ते वर आहेत म्हणून त्यांना मिळतोय. मोबाईलच्या अ‍ॅपने मोजलात तरी अंदाज येईल.

जर गारवा देणं जमणारच नसेल तर फॅलेनॉप्सिस बेलिना आणि व्हायोलेशिया बघा, गरम दमट हवेतली आहेत, फुलं लहान पण वास असा की ग्रीनहाऊसचं दार उघडल्याबरोबर कळतं. त्यांचा जुना दांडा हिरवा असेल तर कापू नका, त्याच्याच टोकाला परत परत कळ्या येतात. मला तर मोठ्या पांढऱ्या हायब्रिडपेक्षा तीच जास्त आवडतात.

पावसाळी_पान

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार 🙏 हायग्रोमीटर दारापासून काढून खाली कुंड्यांच्या मध्ये ठेवला. पहाटे ५ ला उठून बघितलं तर ९८ टक्के आणि पानांवरून थेंब ओघळत होते, इतके दिवस मी कधी त्या वेळेला आत गेलेच नव्हते. रात्रीचा फॉगर बंद केला, वरची खिडकी उघडी, फॅन उद्या येतोय. पानं गडद आणि लोंबतीच आहेत हो, दुपारी ५ हजारच लक्स दाखवतंय.

दोन प्रश्न राहिले. सडलेल्या पानांचं काय करू आणि कॉपर मारू की नको? आणि खत सध्या दर पंधरा दिवसांनी पाकिटावर लिहिलंय तेवढं देते, ते चालू ठेवू का?

माळीकाका

सडलेला भाग चांगल्या भागात २ सेंटीमीटर आत जाऊन कापा, ब्लेड प्रत्येक कापानंतर ज्योतीवर धरा, नाहीतर तुम्हीच रोग वाटत फिराल. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड चालते, जखम सुकवते, पण मुळांना लागू देऊ नका, मुळंही सुकवते ती. ते झाड आठवडाभर वेगळं आणि कोरडं.

कॉपर सगळ्यांवर अजिबात नको. डेंड्रोबियमला ते सोसत नाही, पानं जळतात, आणि फुलावर आलेल्या कुठल्याच झाडावर मारायचं नाही. आणि पानं रोज रात्री भिजत असतील तर कुठलंही औषध वाहूनच जाणार.

खत आजारी झाडांना बंद, ज्याला मूळच नाही ते खाणार कुठून. बाकीच्यांना पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भाग, आठवड्याला एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर सोडून क्षार धुवून काढायचे. युरियातला नत्र सालीत लवकर उपयोगी पडत नाही, नायट्रेटवालं खत मिळालं तर ते बघा.

सावली७५

५ हजार फारच कमी. नेट ५० ची करा पण एकदम नको, आधी निम्म्या भागावरची काढून दहा-पंधरा दिवस बघा, सावलीत वाढलेली पानं एका दुपारीत भाजतात आणि तो डाग कायमचा राहतो. पानाला हात लावून गरम लागलं तर लगेच सावली परत.

मॉसवाली

आणि एक, रात्री टॉर्च घेऊन कुंड्यांखाली बघा ताई. इतक्या ओलीत बारक्या गोगलगायी असणारच, मुळांची हिरवी टोकं त्याच खातात आणि आपल्याला वाटतं मूळ सडलं. काकडीची चकती ठेवली तर सकाळी तिच्याखाली सापडतात.

पावसाळी_पान

खूप दिवसांनी आले, अपडेट देते. फॅन लावून दोन महिने झाले. पहाटेची आर्द्रता आता ८० च्या आसपास असते आणि पानं कोरडी. नवीन डाग एकही नाही, पण जुन्यातली दोन झाडं वाचली नाहीत. गोगलगायी निघाल्या, पहिल्या रात्रीच अकरा! मोठी झाडं साल-कोळशात नेली आणि लहान रोपं मातीच्या कुंडीत सैल मॉसमध्ये, दोघांचंही ऐकलं 😊 सात झाडांना नवीन मुळं फुटलीत, हिरव्या टोकाची.

पाच आठवडे झाले, तीन फॅलेनॉप्सिस घरातल्या गार खिडकीत ठेवलीत. त्यातल्या एकाला खालून दुसऱ्या पानाजवळून काहीतरी हिरवं बाहेर येतंय, अर्धा सेंटीमीटर. मूळ आहे की दांडा कसं ओळखायचं? रोज चार वेळा जाऊन बघतेय.

सावली७५

टोक बघा. गोल, गुळगुळीत, चकचकीत असेल आणि त्यामागे रुपेरी थर चढत असेल तर मूळ. चपटं असेल आणि एका बाजूला खाच दिसत असेल, लहान बाळाच्या हातमोज्यासारखं, तर दांडा. अर्ध्या सेंटीमीटरला मीही फसतो, अजून चार-पाच दिवस थांबा. वरच्या दिशेने वळायला लागलं तर बहुतेक दांडाच. आणि तोपर्यंत कुंडी फिरवू नका, दांडा उजेडाकडे वळत वाढतो, फिरवलीत तर वाकडातिकडा होईल. फोटो टाका.