हातात मोबाइल आहे, मग अडाणी का राहता म्हणे!

ओसरी
कालच्या धाग्यावर एकांनी लिहिलं, "नेट सगळ्यांच्या हातात आहे. तरीही आजाराबद्दल अडाणी राहणारा माणूस आळशीच." तिथे दोन ओळींत उत्तर देणार होते, पण राग मावेना.

माझे वडील ७८ वर्षांचे, दिसेल ते वाचणारे. डॉक्टरांची वेळ घ्यायची तर ॲप. ओटीपी येतो, चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपते. तीनदा चुकलं की खातं बंद. फोन केला तर उत्तर, "ॲपवरूनच घ्या." हे आळशी? आणि 'सगळ्यांच्या हातात' म्हणजे किती? आयटीयू या संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या २०२४च्या अंदाजात जगातली २६० कोटी माणसं ऑफलाइन होती.

ठोकताळा
तो 'एकांनी' मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. ज्यांच्याकडे नेट आहे त्यांच्याबद्दल बोलत होतो. तज्ज्ञ डॉक्टर माझ्यापासून सहा तासांवर. व्हिडिओवर दाखवतो, वाचून प्रश्न लिहून ठेवतो. माझी साखर तीन वर्षं आटोक्यात आहे ती त्यामुळेच.

लालबाण
थोडं अवांतर. खरा घोळ रिपोर्टचा आहे. रात्री अकराला फोनवर रिपोर्ट, एका आकड्यापुढे लाल बाण. शोधलं तर दुसऱ्याच ओळीत कर्करोग. घरात कोणी झोपलं नाही. सकाळी डॉक्टर म्हणाले, "हे? हे काही नाही."

ठोकताळा
मग काय, रिपोर्ट लपवून ठेवायचे?

लालबाण
लपवा कोण म्हणालं? बाणाचा अर्थ सांगा! बहुतेक चाचण्यांची 'नॉर्मल' मर्यादा ९५ टक्के निरोगी लोक बसतील अशी आखतात. म्हणजे विसातला एक धडधाकट माणूस बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या करा, निदान एक बाण येण्याची शक्यता ६४ टक्के. हे त्या ॲपवर कुठे लिहिलंय?

रात्रपाळी
मी वॉर्डात काम करते. एका आजींची साखर यंत्रावर १०.२ आली. नातवाने नेटवर वाचलेलं, ७०च्या खाली धोका. घाबरून साखरपाणी पाजलं. यंत्र मिलिमोलमध्ये दाखवत होतं, वेबसाइट मिलिग्रॅममध्ये. १८ने गुणा, सुमारे १८४ होते. म्हणजे साखर चढलेली, त्यात अजून भर. पोरगा शिकलेला, फोन महागातला.

ठोकताळा
एकक आकड्याच्या शेजारीच असतं. वाचलं नाही ही चूक कोणाची?

ओसरी
आलात पुन्हा मूळपदावर! हातपाय कापत असताना एकक वाचून दाखवा एकदा. ज्युलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७१मध्येच लिहून ठेवलंय, चांगल्या उपचारांची गरज जिथे जास्त तिथेच ते कमी मिळतात. त्यात आता तुमचं ॲप दारात उभं.

ठोकताळा
१९७१मध्ये ॲप नव्हतं, तरी तेच होतं ना? मग ॲपवर कसला राग काढताय? बरं, ओटीपीचं मान्य. फोन उचलायला माणूस हवा. स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ? 'आळशी' मात्र मागे घेणार नाही.

ओसरी
नका घेऊ. बाबांची वेळ मी रजा टाकून घेतली. आळशी बापाची लेक.

रात्रपाळी
लालबाण, बाण कुठल्या चाचणीचा होता?

लालबाण
नाही सांगत. सगळे शोधत बसाल.