जर्मन 'कोबोल्ड'ला, म्हणजे लोककथांतल्या छोट्या खोडकर घरगुती जीवाला, मराठीत काय म्हणाल? आणि 'मायस्टर'ला, म्हणजे कसलेल्या कारागिराला?

आम्ही म्युनिकला असतो, लेक सात वर्षांची. सध्या घरात सारखा पूमुकल चालू असतो, म्हणजे या नावाच्या कोबोल्डवरची, २०२३ मध्ये आलेली नवी जर्मन सिरीज. परवा व्हिडिओ कॉलवर लेक रत्नागिरीच्या आजीला म्हणाली, "आजी, सुताराकडे एक लाल केसांचं भूत राहतं, ते कुणाला दिसत नाही," आणि आई एकदम गप्पच झाली, मग मला म्हणते, पोरीला असलं काही दाखवू नकोस गं. मला फार वाईट वाटलं कारण पूमुकल म्हणजे भूत नाहीच, कोणी मेलेलं नाही त्यात. एलिस काउट यांनी १९६२ मध्ये बव्हेरियन रेडिओसाठी लिहिलेला तो कोबोल्ड, जहाजांवरच्या क्लाबाउटर लोकांचा वंशज. सुतार एडरच्या, म्हणजे 'मायस्टर एडर'च्या, सरसाच्या भांड्याला चिकटतो, चिकटला की दिसायला लागतो, आणि ज्याने पाहिलं त्याच्याकडेच राहायचं असा त्यांचा नियम. तर कोबोल्डला शब्द सुचवा.

--

देवचार जवळचा वाटतो. कोकणात, गोव्यात देवचार राखणदार असतो, भुतासारखी भीती नाही, मान असतो त्याला. पण देवचार अख्ख्या गावाचा, मोठा, आणि तुमचा तर एवढासा आणि घरातला. मी कोबोल्ड तसाच ठेवेन आणि पुढे 'द्वाड' लावेन. द्वाड कोबोल्ड. द्वाड म्हटलं की आजीला आपोआप नातवंडच आठवणार.

--

कोबोल्डचं माहीत नाही पण मायस्टरला शब्द शोधत बसू नका, तो आपल्याकडे आहेच. मेस्त्री! कोकणात सुताराला मेस्त्रीच म्हणतात, आडनावही आहे. हा पोर्तुगीज मेस्त्रे वरून आला, तो लॅटिन मागिस्टर वरून, आणि जर्मन मायस्टरही त्याच मागिस्टरवरून. एकाच घरातले दोन भाऊ, एक बव्हेरियात गेला आणि एक गोव्याहून कोकणात आला. 'मास्टर सुतार' वगैरे भाषांतर अजिबात नको, त्यात वास येत नाही लाकडाचा. मेस्त्री म्हटलं की कानाला पेन्सिल, पायाशी रंध्याचा भुसा आणि कोपऱ्यात सरस तापतोय, एवढं सगळं एका शब्दात येतं.

--

मेस्त्री एडर!! थँक्यू, अंगावर काटा आला वाचून. आता दुसरी अडचण. नव्या सिरीजमध्ये फ्लोरियान एडर, जुन्या एडरचा 'नेफे'. जर्मनला एकच शब्द, आपल्याला मात्र पुतण्या की भाचा ते ठरवावंच लागतं. आडनाव तेच म्हणून मी पुतण्या म्हणते. आणि 'रिव्हाइव्ह केलं' याला काय? पेपरात 'पुनरुज्जीवन' लिहितील पण मला ते पटत नाही, पूमुकल मेलाच कुठे होता, १९८२ ची सिरीज इथले आईबाप आजही मुलांना लावून देतात.

--

पुतण्या बरोबर. आणि पुनरुज्जीवन नको, जीर्णोद्धारही नको, तो देवळाचा. बाजारपेठेत आपण काय म्हणतो, काका गेले, पुतण्याने दुकान पुढे चालवलं. तेच म्हणा. जुन्या सिरीजमधले एडर, गुस्टल बायरहामर, १९९३ ला गेले, त्यांच्या जागी दुसरा एडर उभा केला नाही, पुतण्या आणला, हे मला फार आवडलं. पूमुकलच्या आवाजाचं काय केलं पण? जुना आवाज ज्यांचा, ते हान्स क्लारीन २००५ ला गेले ना?

--

हो. माक्सिमिलियान शाफरोट बोललाय आणि एआयने त्यावर क्लारीनचा आवाज चढवलाय. 'नक्कल' म्हणवत नाही कारण ठेका, हसू, रडू सगळं शाफरोटचं आहे, पोत तेवढा क्लारीनचा. मी 'चढवलाय' म्हणते, साज चढवतात तसं.

आईला काल परत फोन केला. म्हटलं, मेस्त्र्यांच्या सरसाला चिकटलेला द्वाड पोरगा आहे, पुतण्या आता दुकान चालवतो. तर आई म्हणाली, "सरसाला चिकटला? मग गरम पाण्याने सोडवायचा होता की."