मदत हवी आहे: घरच्या मॅटवर पट जातात, ग्रीनवर का जात नाहीत?

नवी_हिरवळ
गोल्फमधल्या पटिंगचा (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू जमिनीलगत होलकडे मारण्याचा) घरी सराव करण्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. अशा एका टोल्याला पट म्हणतात. मांडणी अशी: ३ मीटर लांब, ३० सेंमी रुंद मॅट, खाली टाइल्स. मॅटच्या टोकाला चढ, चढावर होल आणि त्यामागे आडवी पट्टी. २.५ मीटरवरून दहातले आठ चेंडू आत जातात. कोर्सवर मात्र दीड मीटरचे पट होलच्या काठाला लागून निसटतात आणि मीटरभर पुढे पळतात. ८-१० मीटरचे उलट दोन-दोन मीटर आखूड पडतात. पटर (पट मारायची काठी) ३४ इंची, उजव्या हाताचा खेळ, रोज २० मिनिटं हाताशी. चुकतंय ते दिशेत की जोरात, हे घरात कसं ओळखायचं? मॅट बदलावी लागेल का?

मोजपट्टी
मॅट राहू द्या, चढ बाजूला करा. तो ५ सेंमी उंच असेल तर मध्यम वेगाच्या मॅटवर तेवढी चढण म्हणजे सपाटीवरचे साठेक सेंटिमीटर जादा. शिवाय मागे पट्टी असल्याने त्याहून जोरात मारलेला चेंडूही आतच पडतो. हाताला रोज एकच जोर शिकवला जातोय आणि तोही गरजेपेक्षा जास्त. दीड मीटरवरही हातून तोच जोर दिला जातो, म्हणून चेंडू काठावरून फिरून बाहेर निघतो. ८ मीटरचा झोका हाताला ठाऊकच नाही, म्हणून तो आखूड.

चढाऐवजी २ मीटरवर १०८ मिमी व्यासाचा कागदाचा गोल ठेवा. खऱ्या होलचा व्यास तेवढाच असतो. चेंडू कागदावरून जाऊन ३० ते ४५ सेंमी पुढे थांबला, तरच तो गेला असं धरा. कागद पातळ हवा आणि दुहेरी टेपने सपाट चिकटलेला हवा. पुठ्ठा नको, त्याच्या कडेला हळू चेंडू वळतो.

सरळरेषा
वरच्याशी सहमत, पण दिशा वेगळी तपासाच. चेंडू कुठल्या बाजूला निघतो हे मुख्यतः टोल्याच्या क्षणी फेस (पटरचा चेंडूला लागणारा सपाट भाग) कुठे रोखलेला होता त्यावर ठरतं. झोक्याच्या वाटेचा परिणाम त्यामानाने बराच कमी. फेस १ अंश वाकडा असला की चेंडू ३ मीटरवर ५.२ सेंमी बाजूला जातो, आणि होलची निम्मी रुंदी आहे ५.४ सेंमी. दीड मीटरवर हीच चूक २.६ सेंमीची. चेंडू हळू असेल तर होल ती पोटात घालतो, जोरात असेल तर काठावरून हाकलतो. तुमचे दीड मीटरचे पट बहुधा असेच जाताहेत: थोडी दिशा, थोडा जोर.

घरात मोजायला फाटक करा. चेंडूपासून बरोबर ५० सेंमीवर दोन पेन्सिल सेल उभे ठेवा, आतल्या कडांमध्ये ६० मिमी अंतर. चेंडूचा व्यास ४२.७ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेआठ मिमीच्या आसपास सूट, म्हणजेच १ अंश. सलग दोनदा दहापैकी दहा निघाले की अंतर ५१ मिमी करा, ती अर्ध्या अंशाची परीक्षा. जवळ फाटक लावण्याचा फायदा असा की चेंडू मॅटच्या सुरकुतीवर वळण्याआधीच निकाल लागतो.

अठरावा_होल
एक गोष्ट सुटतेय. ३० सेंमी रुंदीच्या मॅटवर चेंडू असतो वर आणि पाय टाइल्सवर. मॅटखाली फोम असेल तर चेंडू पायांपेक्षा सेंटिमीटरभर उंच येतो, आणि हात व डोळे ग्रीनपेक्षा वेगळ्या जागी बसतात. पायांखाली तेवढ्याच जाडीची सतरंजी घडी करून घाला. डोळे चेंडूच्या रेषेवर किंवा किंचित आतल्या बाजूला हवेत. नाकाच्या मुळापाशी दुसरा चेंडू धरून सोडा, कुठे पडतो ते पाहा.

मॅटवर छापलेल्या रेषांना समांतर मारू नका, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरपं मारा. ग्रीनवर कडा नसतात, आणि मॅटच्या कडेला सोकावलेली नजर तिथे भांबावते.

नवी_हिरवळ
सर्वांचे आभार. ६० मिमीच्या फाटकातून दहापैकी सहा गेले, उरलेल्या चारही वेळा उजवा सेल पडला. पण हाताने हळू सोडलेला चेंडूही मॅटवर दीड मीटरनंतर उजवीकडे झुकतोय. मग दोष कुणाचा?

सरळरेषा
दोन्ही वेगळे दोष आहेत. चेंडू दीड मीटरनंतर झुकतो आणि फाटक ५० सेंमीवर आहे, तेव्हा सेल पाडणारे तुम्हीच. फेस उघडा राहतोय किंवा मुळातच उजवीकडे रोखला जातोय. कुठलं ते असं शोधा: लक्ष्याच्या रेषेवर दोरा ताणा. नेहमीसारखा नेम धरून पटर जागेवरच थांबवा. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक, एक कड दोऱ्याला लावून, फेससमोर सरकवा. पुस्तकाची आडवी कड फेसला टाचेपासून (तुमच्याकडची बाजू) टोकापर्यंत (लांबची बाजू) पूर्ण टेकली तर नेम बरोबर आणि खोट झोक्यात. फक्त टोकाकडे फट राहिली तर नेम उजवीकडे आहे, आणि तो न सुधारता झोका दुरुस्त करत बसलात तर दोन चुका एकमेकींना झाकतील.

मोजपट्टी
मॅटचा कल तपासायला तिची टोकं अदलाबदल करा. चेंडू अजून त्याच भिंतीकडे जात असेल तर फरशीला उतार आहे, विरुद्ध भिंतीकडे गेला तर मॅटमध्ये वळ आहे. वळ असेल तर मॅट उलटी गुंडाळून काही तास ठेवा, मग पसरून कडांवर वजन द्या. इस्त्री अजिबात फिरवू नका, कृत्रिम धागा वितळून चपटा होतो आणि तेवढ्या जागी चेंडू कायम घसरत जातो.

वेगही मोजून घ्या. ग्रीनचा वेग मोजणारा स्टिम्पमीटर (एडवर्ड स्टिम्पसन यांची १९३५ ची कल्पना, अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, यूएसजीएने, १९७८ मध्ये वापरात आणलेली) घरीही बनतो. ७६ सेंमी लांबीची पन्हळ घ्या, वरचं टोक २६ सेंमी उंच करा, म्हणजे २० अंश होतात. मॅट लहान आहे, तेव्हा चेंडू पन्हळीच्या खालच्या टोकापासून ३८ सेंमीवरूनच सोडा आणि चेंडू मॅटवर जेवढा गेला त्याची दुप्पट करा. दोन्ही दिशांना तीन-तीनदा सोडून सरासरी काढा. खऱ्या उपकरणाची पन्हळ १४५ अंशांची, पसरट असते. घरी पन्हळ म्हणून घेतलेल्या काटकोनी अँगलमधून चेंडू हळू सुटतो, म्हणून तुमचा आकडा तुलनेपुरताच. तरी मॅट दाबून गुळगुळीत होत चालली की तो वाढलेला लगेच दिसतो.

नवी_हिरवळ
पुस्तक लावून पाहिलं, टोकाकडे २ मिमी फट आहे. म्हणजे नेमच उजवीकडे. आता लांबच्या पटांचं काय? खोलीत ८ मीटर मिळणार नाहीत.

संथ_चेंडू
८ मीटरचा पट ३ मीटरच्या मॅटवर शिकता येत नाही, तो प्रयत्नच करू नका. घरात शिकायची ती लय. झोका लांब झाला तरी त्याला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहायला हवा: मागे जायला दोन भाग, पुढे येऊन टोला बसायला एक. मेट्रोनोम मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा, एका ठोक्याला पटर मागे निघेल, पुढच्याला टोला. आखूड पडणाऱ्या लांब पटात बहुतेकदा झोका लहान असतो आणि ऐनवेळी मनगटाने धक्का दिला जातो. धक्का दरवेळी वेगळा असतो, अंतर बिघडतं ते त्यामुळे.

सोबत १, १.५, २ आणि २.५ मीटरवर रंगीत टेपच्या पट्ट्या लावा. चिठ्ठी उचलून अंतर ठरवा, लागोपाठ एकच अंतर मारू नका. मारल्यावर मान वर न करता आधी बोला, ‘आखूड’, ‘बरोबर’ किंवा ‘लांब’, मगच पाहा. या अंदाजाचा आणि निकालाचा मेळ बसू लागला की हाताला जोर कळू लागला. कोर्सवर खेळण्याआधी दहा मिनिटं होलकडे न मारता फक्त ६, ९ आणि १२ पावलांवर चेंडू थांबवा.

अठरावा_होल
आखूड पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे टोला फेसच्या मध्यावर न बसणं. ग्रिप दोन बोटांत सैल धरून पटर लोंबकळू द्या आणि फेसवर चेंडूने हलके टकटक करा. जिथे टकटक करूनही फेस गर्रकन वळत नाही, पटर सरळ मागे हलतो, तो खरा मध्य. छापलेल्या खुणेपासून तो थोडा सरकलेलाही असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना रबरबँड गुंडाळा, मध्ये अडीच सेंमी जागा सोडून. चेंडू रबराला लागला की आवाज मंद येतो आणि दिशा फाकते. नेम दुरुस्त झाल्यावरच रबर लावा. आता लावलंत तर उजवीकडे गेलेला चेंडू नेमामुळे गेला की रबरामुळे, हे कळणार नाही.