सीओपीडी असलेल्या आईला मुंबई–लंडन विमानप्रवास झेपेल का?

प्रश्न (सातारा)

माझी आई ७१ वर्षांची असून चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे काम केल्यामुळे तिला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार) झाला आहे. बसलेली असताना ऑक्सिमीटरवर ९३-९४ टक्के दिसतात, जिना चढताना धाप लागते आणि रात्री ती काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र) लावून झोपते. बहिणीच्या बाळंतपणासाठी तिला लंडनला जायचे आहे. महाबळेश्वरला आपल्याला काही त्रास झाला नाही, तेव्हा विमानातही होणार नाही, असे ती म्हणते. हे खरे मानावे का? आणि लहान सिलिंडर बरोबर नेता येईल, की छतातून खाली येणारा मास्क पुरेल?

उत्तर १ (छातीरोगतज्ज्ञ, पुणे)

महाबळेश्वर सुमारे ४,५०० फुटांवर आहे, तर उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका खाली जाऊ शकतो. तेथे हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असला तरी दाब तीन-चतुर्थांश उरल्यामुळे तो श्वास जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखा ठरतो. निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी यात थोडी उतरते आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. परंतु मुळातच ९३ टक्के असलेल्या रुग्णाची पातळी दाब जरा कमी होताच झपाट्याने घसरू शकते. म्हणून जमिनीवरच्या आकड्यावर विसंबू नका.

त्याऐवजी हायपॉक्सिक चॅलेंज टेस्ट करून घ्या. तीत रुग्णाला सुमारे २० मिनिटे १५ टक्के ऑक्सिजनची हवा देतात आणि पातळी ८५ टक्क्यांखाली गेल्यास प्रवासात बहुधा मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन सुचवला जातो. त्याबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइडही तपासून घ्या, कारण तो साठत असेल तर मनाने प्रवाह वाढवणे घातक ठरते. फुफ्फुसात मोठे बुला (हवेने भरलेले फुगे) आहेत का, हेही विचारा. उंचीवर बंदिस्त हवा प्रसरण पावते. नुकताच दम वाढून रुग्णालयात राहावे लागले असेल, तर तिकीट पुढे ढकललेले बरे.

उत्तर २ (ठाणे, वडिलांसोबत असा प्रवास केलेली)

स्वतःचा सिलिंडर बऱ्याच विमानकंपन्या चालू देत नाहीत. छतातल्या मास्कमधून साधारण पंधरा मिनिटेच ऑक्सिजन मिळतो आणि तोही केबिनचा दाब अचानक गेल्यास, त्यामुळे तो हिशेबात धरूच नका. बॅटरीवर चालणारा, विमानकंपनीला मान्य असलेला छोटा काँसन्ट्रेटर लागतो. बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या सहसा मागतात, म्हणजे दहा तासांसाठी पंधरा तासांच्या. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. तिकिटाआधीच कंपनीला कळवून मेडिफ हा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा. इनहेलरही पर्समध्येच असू द्या. अशी बरीच यंत्रे श्वास ओढला की झटक्याने ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे त्यांचा ‘२’ हा आकडा म्हणजे मिनिटाला २ लिटर नव्हे. आमच्या डॉक्टरांनी वडिलांना दवाखान्यातच यंत्र लावून, चालवून पाहिले होते.

प्रश्नकर्ता

टेस्टची वेळ घेतो. विमान कोणते, याने फरक पडतो का?

उत्तर १

थोडा पडतो. बोइंग ७८७ मध्ये केबिनचा दाब साधारण ६,००० फुटांइतका राखला जातो, त्यामुळे पर्याय असेल तर ते घ्या, पण त्या भरवशावर टेस्ट टाळू नका. लंडनमधील रात्रींसाठी मोठा काँसन्ट्रेटर बहिणीला आधीच भाड्याने ठरवायला सांगा, आणि प्रवासविमा काढताना सीओपीडी लपवू नका. तेथे पाहुण्यांना रुग्णालयात भरती झाल्यावर खर्च स्वतःच भरावा लागतो.