ठाण्याचे शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर' कसे?

प्रश्न
अंबरनाथचे शिवमंदिर पाहून आल्यापासून उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याविषयी वाचत आहे. त्यांची राजधानी स्थानक, म्हणजे आजचे ठाणे. ताम्रपटांत मात्र हे राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगरीचे अधिपती, म्हणवतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. घाटापलीकडच्या त्या नगरीवर यांची सत्ता खरोखर होती काय?

प्रतिसाद १
या बिरुदाचा अर्थ 'आमचे घराणे मूळचे तेथले' एवढाच घ्यावा. कोल्हापूर आणि दक्षिण कोकण येथील शिलाहार शाखाही तेच बिरुद लावत, आणि तिघांचेही राज्य एकाच वेळी तेरवर असणे शक्य नाही. त्या काळची ही रीतच होती : गोव्याचे कदंब स्वतःला बनवासीचे, तर सौंदत्तीचे रट्ट लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे अधीश्वर म्हणवत. शिलाहार राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून कोकणात आले. कान्हेरीच्या नवव्या शतकातील लेखांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या नावाखाली पुल्लशक्ती आणि कपर्दी या शिलाहार राजांची नावे येतात.

प्रतिसाद २
वरील मत मान्य आहे. मात्र मूळ गाव तेर मानले तरी कुळाचे मूळ उलगडत नाही. गरुडाला स्वतःचा देह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहन विद्याधराचे आम्ही वंशज, असे हे राजे सांगतात, आणि 'शिलेवरचा आहार' ही नावाची फोड त्याच कथेवर बेतलेली आहे. ती नंतर रचलेली असावी, असे मला वाटते. शेलार आडनावाशी नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु नामसाम्य हा पुरावा नव्हे.

प्रतिसाद ३
बिरुदांवरून सत्तेचा अंदाज घ्यायचा असेल, तर 'महामंडलेश्वर' हे मोठ्या मांडलिकाचे पद पाहावे. ज्या मम्मुणी राजाचे नाव अंबरनाथच्या शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखात आहे, तोही महामंडलेश्वरच होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस दुसरा अपरादित्य मात्र 'महाराजाधिराज' आणि 'कोकणचक्रवर्ती' म्हणवू लागला, कारण कल्याणीच्या चालुक्यांचा, म्हणजे वरच्या सत्तेचा, वचक तोवर उरला नव्हता. पुढे देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याला समुद्रावर गाठले, आणि हेमाद्रीने लिहून ठेवले की महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल (पाण्याखाली जळणारा पौराणिक अग्नी), म्हणजे बुडून मरणे, बरा वाटला. हेमाद्री यादवांचाच मंत्री, तेव्हा या वर्णनातील काव्य वजा करूनच वाचावे. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर (वीरांच्या स्मारकशिळांवर) वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे आणि काही अभ्यासक तिचा संबंध याच युद्धाशी जोडतात. अंबरनाथपर्यंत गेलाच आहात, तर तेही पाहून यावे.