मुंबईहून एकटीने कोकण किनाऱ्यावर: अलिबाग ते मालवण, सॅक पाठीवर घेऊन

प्रश्न (गोरेगावहून)

येत्या जानेवारीत मला सलग बारा दिवसांची रजा मिळाली आहे आणि त्या दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंतचा किनारा एकटीने, पाठीवर एक सॅक घेऊन, जमेल तिथे एसटीने आणि खाड्यांवरच्या फेरीबोटींनी पार करावा असे फार दिवसांपासून मनात आहे. या किनाऱ्यावर मी लहानपणापासून जात आले आहे, पण प्रत्येक वेळी घरच्यांसोबत आणि ठरवलेल्या गाडीने. मुक्काम, जेवण आणि वेळा यांची काळजी कोणीतरी दुसऱ्याने घेतलेली असे.

नियोजनाला बसल्यावर पहिली अडचण आली ती खोलीची. दोन-तीन गावांत मिळून मी सात ठिकाणी फोन केला. "किती माणसे?" या प्रश्नाला "मी एकटीच" असे उत्तर देताच पाच ठिकाणी खोली शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले. त्यांपैकी एका ठिकाणी माझ्या मैत्रिणीने तासाभराने त्याच तारखांसाठी चौघांकरिता विचारले, तेव्हा खोली मिळत होती. मला याचे वाईट वाटले, कारण मी पूर्ण खोलीचे भाडे देण्यास तयार होते.

ज्यांनी असा प्रवास एकट्याने केला आहे त्यांनी मुक्काम कसे मिळवले, कोणता क्रम सोयीचा पडला आणि सोबतीला कोणी नसताना समुद्राच्या बाबतीत काय सांभाळावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (मुलुंडहून)

मी हा प्रवास दोन वर्षांपूर्वी अकरा दिवसांत केला आणि पुन्हा करण्याची इच्छा आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणेच चांगले, कारण शेवटी कुडाळला रेल्वे मिळते आणि थकलेल्या अंगाने रात्रीच्या गाडीत झोपून सकाळी दादरला उतरता येते. तुतारी एक्स्प्रेसचे परतीचे आरक्षण मात्र आधी करून ठेवावे. ते ६० दिवस अगोदर खुले होते आणि जानेवारीत लवकर भरते.

गेटवेहून सकाळच्या लाँचने मांडव्याला जावे. तिथून अलिबागपर्यंतची बस लाँचच्या तिकिटातच येते. अलिबागहून रेवदंडा, काशीद करत मुरूडला एसटी जाते. मुरूडजवळच्या आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरले की दिवेआगर, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हा पट्टा येतो. पुढे बागमांडल्याहून वेसवीला जाताना सावित्रीची खाडी ओलांडली जाते आणि आपण रायगड जिल्ह्यातून रत्नागिरीत शिरतो. दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या आणखी दोन फेऱ्या घेतल्या की गणपतीपुळे जवळ येते. या बोटींवर चारचाकी गाड्यांची रांग असते, पायी माणसाला मात्र थांबावे लागत नाही, हा आपल्यासारख्यांचा मोठा फायदा आहे.

खरा वेळ जातो तो बोटीतून उतरल्यावर. धक्क्यावर त्या वेळी एसटी असेलच असे नाही आणि रिक्षावाला पूर्ण रिक्षाचे भाडे मागतो, जे चौघांत वाटले तर किरकोळ असते आणि एकटीला जड जाते. मी बोटीवरच गाडीवाल्या कुटुंबांना विचारत असे, आणि मुले व आजी बरोबर असलेल्या गाडीतूनच जात असे. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे माझा प्रवासखर्च जेवणाच्या खर्चापेक्षाही कमी झाला. आपण बारा दिवसांत मालवण गाठण्याच्या आग्रहापायी रोज मुक्काम हलवू नये, एवढे माझे आवर्जून सांगणे आहे. मी पहिले पाच दिवस तसे केले आणि त्या गावांची नावे सोडून मला फारसे काही आठवत नाही. नंतर गुहागरला तीन रात्री राहिले, तेव्हा व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या खाणावळीतल्या मावशी माझ्यासाठी आमटी बाजूला काढून ठेवू लागल्या.

प्रतिसाद (गिरगावहून)

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. दिवेआगरला आमच्या माहेरच्या घरी पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत आणि दर हिवाळ्यात मी तिथे भावजयीच्या मदतीला जाते. एकट्या व्यक्तीला खोली नाकारली जाते, हे खरे आहे. त्यामागे थोडा हिशेब असतो आणि थोडी भीती.

हिशेब असा की आमच्याकडे खोलीच्या भाड्यापेक्षा ताटांवर घर चालते. चार माणसांची सकाळ-संध्याकाळची आठ ताटे होतात, एका माणसाची दोन; आणि उकडीचे मोदक एकासाठी करायचे तरी नारळ खवणे, उकड काढणे हे सगळे करावेच लागते. भीती अशी की एकटे आलेले माणूस समुद्रावर गेले आणि परतले नाही, तर शोधायचे कोणी आणि घरच्यांना कळवायचे कोणी. आमच्या आळीत एका घरी कोणे एके काळी खोलीतच अघटित घडले होते. त्या घरातल्यांना पुढे महिनोन्‌महिने चौकशीला तोंड द्यावे लागले, आणि तेव्हापासून आसपासच्या सर्वांनीच हात आखडता घेतला. मी याचे समर्थन करत नाही. खोली असताना नाही म्हणणे चूकच आहे, आणि आमच्या घरी आम्ही तसे करणे सोडून दिले आहे.

आपण फोनवर सुरुवातीलाच स्वतःचे नाव, मुंबईत कुठे राहता, कोणत्या दिवशी कोठून येणार आणि पुढे कोठे जाणार हे सांगा. जेवण घरीच घेणार असल्याचेही सांगा, आणि घरच्या एका माणसाचा नंबर स्वतःहून द्या. एवढे ऐकल्यावर माझी भावजय तरी कधी नाही म्हणत नाही. शनिवार-रविवार आणि सलग सुट्ट्या टाळून सोमवार ते गुरुवार या दिवसांत लोकप्रिय गावे घ्या, कारण तेव्हा खोल्या रिकाम्या असतात. एका घरातून निघताना पुढच्या गावातल्या कोणाला तरी फोन करायला सांगा. या किनाऱ्यावर जवळजवळ प्रत्येकाचे पुढच्या गावात कोणी ना कोणी असतेच, आणि ओळखीने आलेली पाहुणी एकटी समजली जात नाही. काहीच जमले नाही तर हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे पर्यटन महामंडळाची निवासस्थाने आहेत, त्यांचे आरक्षण मुंबईतूनच करता येते.

प्रतिसाद (दादरहून)

माझे वय ६८ असून मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ आहे. मुक्कामाचे वरील दोघींनी चांगले सांगितले आहे, म्हणून मी केवळ पाण्याविषयी लिहितो.

एकट्याने फिरणाऱ्याने सर्वांत आधी भरती-ओहोटी शिकून घ्यावी. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणतात आणि येईल ती भरतीची वेळ धरतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वा अकरा. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, तो तासाभराने चुकू शकतो, म्हणून धक्क्यावर किंवा कोळीवाड्यात विचारून खात्री करावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि पाणी खूप वर येते, तर अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि फरक कमी राहतो.

हे एवढ्यासाठी सांगतो की हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट देवळामागे खडकांवरून समुद्राला लागून जाते आणि भरतीत लाटा त्या वाटेवर येतात. तिथे माणसे वाहून गेलेली आहेत. चतुर्थीला गेलात तर सकाळी नऊच्या आसपास जा, दुपारी जाऊ नका. हेदवीच्या बामणघळीत मात्र उलटे होते. पाण्याचा फवारा भरतीलाच उंच उडतो, म्हणून लोक नेमके त्याच वेळी घळीच्या काठावर उभे राहतात, आणि तिथला खडक निसरडा असतो. ते दृश्य लांबून पाहावे.

गणपतीपुळ्याचा समुद्र देवळासमोर शांत दिसतो, तरी तळ लवकर खोल होतो आणि परतणाऱ्या पाण्याला ओढ असते. एकटे असताना गुडघ्यापलीकडे जाऊ नये, असे मी माझ्या मुलीलाही सांगत आलो आहे. तरीही ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे. पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या एखाद्या शहाळेवाल्याला सांगून, सॅक त्याच्याजवळ ठेवून जावे. सामान सांभाळले जाते आणि आपल्यावर कोणाचे तरी लक्ष राहते. मदतीचा क्रमांक ११२ आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर (गोरेगावहून)

आपणा तिघांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल पुन्हा फोन केले. ज्या पाच ठिकाणी नकार मिळाला होता त्यांपैकी दोन ठिकाणी आता होकार आला, आणि एका काकूंनी "मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी कळव" असेही सांगितले. मुक्काम सातवरून चारवर आणले आहेत: मुरूड, दिवेआगर, गुहागर आणि मालवण, प्रत्येकी किमान दोन रात्री. काका, पंचांग काढून बसले आहे; हरिहरेश्वरचा दिवस तिथी पाहूनच ठरवीन.