जिप्सी-ट्रॅव्हलर वस्तीची जमीन कोणाच्या नावावर हवी, ट्रस्टच्या की कुटुंबाच्या?

थेम्सकाठी: इंग्लंडमधल्या जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर या परंपरेने कॅरॅव्हनमध्ये (चाकांवरच्या घरात) राहणाऱ्या फिरस्त्या लोकांच्या जागेबद्दल इथे कोणी फारसं बोलत नाही म्हणून धागा काढतोय. १९६८ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर त्यांच्यासाठी साईट, म्हणजे कॅरॅव्हन उभ्या करायची जागा, देण्याची जबाबदारी टाकली, १९९४ ला ती काढून घेतली आणि वर सांगितलं की स्वतःची जमीन घ्या. लोकांनी घेतली की! एसेक्समधलं डेल फार्म आठवा, जमीन त्यांचीच, भंगाराच्या यार्डाची, पण निम्म्या भागाला प्लॅनिंग परमिशन नाही म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये ऐंशीएक कुटुंबांना बाहेर काढलं, लाखो पौंड खर्चून. माझं मत, कम्युनिटी लँड ट्रस्ट करा. जमीन कायम ट्रस्टची, कोणाला ती विकून नफा काढता येत नाही, राहणारेही सभासद, भाडं आणि नियम सभासदच ठरवणार.

पेठकर: तुमच्याच उदाहरणात तुमचं उत्तर कच्चं पडतंय. डेल फार्मला मालकी होती, नव्हती ती परमिशन. ती जमीन ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहराभोवती बांधकामाविना राखलेल्या पट्ट्यात; ट्रस्टच्या नावावर केली तरी ग्रीन बेल्ट तो ग्रीन बेल्टच. गावातल्या माणसाला मागे एक खोली वाढवायची तर नियम दाखवतात, मग यांनाच सूट का?

थेम्सकाठी: सूट मागतच नाहीये. ग्रीन बेल्टमध्ये अवघडच आहे, मान्य. पण बाकी ग्रामीण भागात एरवी घरांना परवानगी नसते तिथेसुद्धा परवडणाऱ्या घरांसाठी छोट्या साईट मंजूर होतात, आणि २०१२ च्या ट्रॅव्हलर धोरणात कॅरॅव्हनच्या पिचसाठीही (पिच म्हणजे साईटवरची एका कुटुंबाची जागा) हा रस्ता ठेवलाय. अट अशी की जागा कायम परवडणारी राहिली पाहिजे. एकटं कुटुंब ही हमी कशी देणार? ट्रस्टच्या घटनेतच ती लिहिलेली असते.

माळरान: पण त्या लोकांना काय हवंय? बऱ्याच जणांना आपल्या भावकीपुरती लहान साईट हवी असते, आईवडील, मुलं, सुना एका कुंपणात. इंग्लिश जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर हे समाजच वेगळे, त्यांना एका कमिटीत बसवून काय होणार? आपल्या सोसायट्यांमध्ये पार्किंगवरून माणसं कोर्टात जातात, प्रशासक बसतो. कौन्सिलने हायवेला आणि सांडपाणी केंद्राला खेटून साईट दिल्या हे वाईटच झालं, पण त्यावर उपाय म्हणजे ज्याची त्याची मालकी.

थेम्सकाठी: माळरानताई, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जरूर घ्यावी, पण कौन्सिलच्या साईटवर भाडं भरणारी म्हातारी बाई जमीन कुठून घेणार? आणि सरकारचा भरवसा काय, २०१५ ला ट्रॅव्हलर कोण याची व्याख्याच बदलली, म्हातारपणामुळे आजारपणामुळे ज्यांचं फिरणं कायमचं थांबलं ते नियोजनापुरते ट्रॅव्हलरच उरले नाहीत, शेवटी २०२२ ला अपील कोर्टाने तो भेदभाव ठरवला. भावकीचं म्हणाल तर काउंटीभर एकच ट्रस्ट आणि त्याच्या नावावर चार-पाच पिचच्या वेगवेगळ्या साईट, एका साईटवर एक भावकी, असं का नको?

माळरान: हे जास्त पटतंय. पण पिच रिकामी झाली की ती कोणाला, लग्न झालेल्या मुलाला की वेटिंग लिस्टवर थांबलेल्या परक्या कुटुंबाला? मुलालाच दिली तर ट्रस्ट नावापुरता उरतो आणि परक्याला दिली तर भावकी मोडते. आधी याचं उत्तर लिहा, मग पुढे बोलू.